दोन महिने पुढची बाग

डिसेंबर-जानेवारीत बाग कुणाचीही छान दिसते. हवा थंड, ऊन कोवळं, नर्सरीतून पिटुनियाच्या चार कुंड्या आणून पायरीवर ठेवल्या तरी घराचं दार सजतं. खरी परीक्षा असते ती मार्चच्या शेवटी आणि जूनच्या शेवटी. मार्चच्या शेवटी थंडीतले सगळे सीझनल, म्हणजे एका मोसमापुरती लावायची फुलझाडं, आठवड्याभरात करपतात आणि मोगऱ्याला अजून जेमतेम कळ्या धरायला लागलेल्या असतात, आणि जूनच्या शेवटी पाऊस असा झोडपतो की उन्हाळ्यातलं जे काही तग धरून होतं ते सडायला लागतं आणि पावसाळ्यातलं अजून वीतभरच वाढलेलं असतं. या दोन गॅपमध्ये ज्याच्या अंगणात रंग दिसतो त्याला बाग कळली असं मी मानते.

आमचं घर साताऱ्यात. पुढे थोडं अंगण, मागच्या बाजूला त्याहून थोडी जास्त जागा आणि गच्चीवर कुंड्या. एवढ्याशा जागेत बारा महिने रंग हवा म्हटलं की लोक पहिल्यांदा नर्सरीत जाऊन विचारतात, वर्षभर फुलणारं काय आहे ते द्या. तशी झाडं आहेतच की. सदाफुली आहे, जास्वंद आहे, तगर आहे, अबोली आहे, एक्झोरा आहे. माझ्याकडेही आहेत आणि ती असायलाच हवीत, त्यांच्या जिवावर रोजची पूजा होते. पण नुसत्या यांच्यावर बाग उभी केली तर सहा महिन्यांत तिच्याकडे बघायचंच थांबतो आपण, कारण ती जूनमध्येही तशीच आणि नोव्हेंबरमध्येही तशीच. वर्षभर रंग म्हणजे वर्षभर तोच रंग असं मला कधी वाटलं नाही. मला जे हवं असतं ते असं की एका झाडाचा बहर ओसरायला लागला की दुसऱ्याच्या कळ्या तयार असाव्यात. लग्नघरात एक पंगत उठायच्या आत दुसरीची पानं मांडायची तयारी झालेली असते ना, तसं. आणि हे करायचं तर माणसाला बागेत कायम दोन महिने पुढे राहावं लागतं. पिटुनिया ऐन भरात असतो, येणारा-जाणारा त्याचे फोटो काढत असतो, आणि आपण मात्र मागच्या बाजूला झिनियाचं बी पेरत बसलेलो असतो.

ही गोष्ट मी शिकले ती कासच्या पठारावर. साताऱ्याहून पंचवीसेक किलोमीटर, त्यामुळे आमच्याकडे पाहुणे आले की सप्टेंबरात कास ठरलेलंच. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून जी मान्यता मिळाली त्यात कास आहे, तेव्हापासून गर्दी तर विचारू नका. पण बहुतेक लोक एकदाच जातात, गुलाबी तेरड्याचे गालिचे बघतात आणि परत येतात. मी म्हणते जवळ राहत असाल तर एकाच मोसमात दोन-तीनदा जा, पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने, कारण दर वेळी ते पठार वेगळं असतं. पावसाच्या सुरुवातीला वायतुरा येतो, त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. मग चवर. पुढे तेरडा आणि पांढरे गेंद, ओलसर जागी सीतेची आसवं, आणि पाऊस कमी व्हायला लागला की पिवळी सोनकी. खाली जांभा खडक, वर मातीचा पातळ थर, पाणी किती दिवस टिकतं यावर प्रत्येकाची वेळ ठरलेली. तिथे एकही फूल बारमाही नाही, तरी मोसमभर पठार रिकामं दिसत नाही. ते बघितल्यावर बारमाही झाडं शोधायची माझी धडपड बरीच कमी झाली, आणि कुणानंतर कोण हे वहीत लिहायला लागले.

त्या वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान आहे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याचं. मार्चचा गॅप त्याच आठवड्यात भरला जातो. झिनिया आणि गलांडा, म्हणजे गॅलार्डिया, तेव्हा पेरले तर मार्च संपता संपता फुलायला लागतात. गलांड्याला आपण फार कमी लेखतो, बाजारात हाराचं स्वस्त फूल म्हणून त्याच्याकडे बघितलं जातं, पण एप्रिल-मेच्या उन्हात, पाणी बेताचं असताना, तो पिवळा-तांबडा रंग जसा ताठ उभा राहतो तसा दुसरा कुठलाच सीझनल राहत नाही. फेब्रुवारीत ऑफिस टाइमच्या, म्हणजे पोर्चुलाकाच्या, काड्या पसरट कुंड्यांमध्ये नुसत्या खोचून द्यायच्या, त्या लागतातच, आणि ऊन वाढेल तशी फुलं वाढतात. आणि बोगनवेल तर असतेच. तिचा जो रंग आपण बघतो ती खरं म्हणजे पानं, खरं फूल मधलं ते बारीक पांढरं. तिला लोक प्रेमाने रोज पाणी घालतात, शेणखत घालतात, आणि मग म्हणतात नुसती पानंच येतायत. येणारच. बोगनवेलीला थोडं तहानलेलं ठेवावं लागतं, माती नीट वाळली, पानं किंचित मलूल झाली की मग पाणी. एवढं एक पाळलं तर फेब्रुवारीपासून मेपर्यंत ती काही मागत नाही.

मोगऱ्याचं याच्या उलट. त्याला भरपूर खायला-प्यायला लागतं, पण आधी विश्रांती लागते. डिसेंबरमध्ये त्याचं पाणी कमी करायचं, जानेवारीत चांगला गुडघ्याएवढा छाटायचा, उरलेली पानं ओरबाडून काढायची, आणि फेब्रुवारीत माती हलवून खत घालून पाणी सुरू करायचं. नवीन फूट आली की तिच्या टोकाला कळ्या. जानेवारीतला तो बोडका मोगरा बघून शेजारच्या काकू हळहळतात, कशाला गं एवढं कापलंस, चांगला हिरवागार होता. हिरवागार होता हे खरं, पण हिरव्यागार मोगऱ्याला एप्रिलमध्ये परडीभर कळ्या येत नाहीत.

जूनच्या गॅपसाठी तेरडा. तो पावसाबरोबर आपोआप उगवतोच, मागच्या वर्षीच्या बोंडांनी बी उडवलेलं असतं, नुसतं बोट लागलं तरी ती बोंडं फुटतात आणि बी कुठल्या कुठे जातं. पण आपोआप उगवलेला तेरडा फुलायला उशीर लागतो. म्हणून मी थोडं बी जपून ठेवते आणि मेच्या पहिल्या आठवड्यात ट्रेमध्ये पेरते, जाळीखाली, मग जूनच्या शेवटी त्याला पहिली फुलं येतात आणि नंतर आपोआप उगवलेला मागून येऊन गौरींपर्यंत साथ देतो. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, एका फुलाचं ते खरं असेल, झाडाचं नाही.

आणि लिली. वळीव पडला की चार-पाच दिवसांत कुंडीच्या कडेने ती गुलाबी फुलं अशी उभी राहतात की आदल्या दिवशी तिथे काहीच नव्हतं यावर विश्वास बसत नाही. नळाचं पाणी कितीही घाला, तिला ते चालत नाही असं नाही, पण वळवानंतर ती जशी एकदम, सगळीच्या सगळी उठते तशी एरवी उठत नाही. मे फ्लावरचा तो लालभडक गोंडाही असाच, अकरा महिने त्या कुंडीत काय आहे हे घरातल्यांना आठवत नाही. कंदांचा हा मोठा फायदा, ते जागा अडवून बसत नाहीत, त्यांच्यावर दुसरं काही लावता येतं. माझ्याकडे लिलीच्या कुंडीतच हिवाळ्यात पिटुनिया असतो. डेलियाचे कंदही वळवानंतर डोळे फोडतात आणि श्रावण-भाद्रपदात फुलतात, फक्त त्यांना पाणी साचलेलं अजिबात चालत नाही म्हणून कुंडीत खाली विटांचे तुकडे भरपूर. जिथे पाणी साचतंच, आमच्याकडे मोरीच्या मागे आहे तशी जागा, तिथे सोनटक्का आणि कर्दळ. सोनटक्क्याला रंग नाही म्हणून त्याला यात कशाला धरता असं कुणी म्हणेल, पण ऑगस्टच्या संध्याकाळी अंधारून आलेलं असताना लाल जास्वंद दिसतसुद्धा नाही आणि तो पांढरा सोनटक्का गेटपासून दिसतो. पांढरा हा रंगच आहे, आणि पावसाळ्यात तर सगळ्यात कामाचा.

आता एक गोष्ट जी मला कुठल्याच नर्सरीत कुणी सांगितली नाही, ती उन्हाची. आमच्या घराला उत्तरेकडे भिंत आहे आणि तिच्या पायाशी वाफा आहे. हिवाळ्यात तिथे ऊन नावाला येत नाही, सूर्य दक्षिणेकडून कललेला जातो आणि घराची सावली अख्ख्या वाफ्यावर पडते. म्हणून तिथे काही येणार नाही असंच सगळे म्हणायचे. पण मेच्या दुसऱ्या आठवड्यात साताऱ्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो, आणि त्यानंतर थेट जुलैअखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे त्या भिंतीला ऊन मिळतं, अगदी त्याच दिवसांत जेव्हा तेरडा आणि गुलबक्षी वाढत असतात. मग ढग येतात ते येतातच, पण तोपर्यंत रोपांनी जोर धरलेला असतो. हिवाळ्यात तोच वाफा सावलीत असतो तर तिथे उन्हात करपणारी नाजूक रोपं जगवायची. तेव्हापासून कुंड्या वर्षातून दोनदा हलवते, दिवाळीनंतर सगळ्या सीझनलच्या दक्षिणेकडे आणि एप्रिलमध्ये अर्ध्या उत्तरेकडे. कंबर दुखते, पण खत घालून जे होत नाही ते जागा बदलून होतं.

शेवंतीबद्दल मी थोडं जास्त बोलणार आहे कारण माझा सगळ्यात जीव तिच्यात आहे. शेवंती फुलते दीड-दोन महिने पण तिचं काम वर्षभर चालतं. जानेवारीत फुलं संपली की झाड जमिनीपासून चार बोटं ठेवून कापायचं. मग बुंध्याच्या आजूबाजूने मातीतून पिल्लं वर येतात, गोल गोल पानांची, घट्ट. फेब्रुवारीत ती मुळासकट हलक्या हाताने सोडवायची आणि छोट्या पिशव्यांत लावायची. उन्हाळाभर त्यांना नुसतं जगवायचं असतं, आंब्याच्या झाडाखाली, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली, वाढली नाहीत तरी चालेल. जूनमध्ये मोठ्या कुंडीत. आणि मग शेंडे खुडणं. रोप वीतभर झालं की वरची दोन पानं आणि त्यातला कोंब नखाने चिमटून काढायचा, तिथून तीन-चार फांद्या फुटतात, त्या बोटभर वाढल्या की त्यांचेही शेंडे खुडायचे. नखाला तो कडसर वास दिवसभर राहतो, भाकरी थापताना पण येतो. जे खुडत नाहीत त्यांची शेवंती काठीसारखी उंच होते, शेंड्याला चार फुलं येतात आणि पहिल्या वाऱ्यात आडवी पडते. खुडलेली मात्र घमेल्यासारखी पसरते आणि पान दिसू नये इतकी भरते. १५ ऑगस्ट ही माझी खुडायची शेवटची तारीख, त्यानंतर हात लावायचा नाही, कारण मग ती कळ्यांच्या तयारीला लागते.

ती तयारी कशावर ठरते हे कळलं तेव्हा मला फार नवल वाटलं होतं. शेवंती रात्र मोजते. रात्री ठराविक लांबीच्या झाल्या की कळ्या धरते, आणि मध्येच कुणी उजेड पाडला तर तिचा हिशोब बिघडतो. गेटवरच्या दिव्याखालची कुंडी मागच्या अंगणातल्या कुंडीपेक्षा नेहमी मागे राहते, एकाच झाडाची पिल्लं असून. फुलशेतीवाले हेच मुद्दाम करतात, रात्री दिवे लावून शेवंतीला थोपवतात आणि हव्या त्या वेळी फुलवतात. घरी एवढंच करायचं, सप्टेंबरपासून तिला अंधारात झोपू द्यायचं.

थंडीच्या सीझनलचं बी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, पाऊस उघडला की. पिटुनियाचं बी म्हणजे अक्षरशः धूळ, ते बारीक वाळूत मिसळून पेरायचं आणि वर माती अजिबात टाकायची नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. फ्लॉक्स, डायंथस, अॅस्टर सोपे आहेत. गुलाबाची छाटणीही ऑक्टोबरच्या मध्याला, साधारण दीड महिन्यात फुलं. कोरांटी आपली आपण येते. आणि जानेवारीत गच्चीवरून संक्रांतवेल अशी केशरी होऊन खाली लोंबते की शिंजीर पक्षी दिवसभर तिथेच, उलटे लटकून. ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेची, पण आपल्या लोकांनी तिला सणाचं नाव देऊन टाकलं आणि ती ते नाव दर वर्षी पाळते.

एक सांगायचं राहिलं, फुलं तोडण्याबद्दल. बागेवर प्रेम करणारे बरेच जण म्हणतात आम्ही फुलं तोडत नाही, झाडावरच छान दिसतात. माझी आई मात्र रोज सकाळी परडी घेऊन फिरायची आणि झेंडू, सदाफुली, गलांडा, काही म्हणून शिल्लक ठेवायची नाही, आणि तिच्या अंगणात फुलं कधी संपायची नाहीत. यात चमत्कार काही नाही. सीझनल झाडाला फुलायचं नसतं, बी करायचं असतं. फूल झाडावर सुकलं की त्यात बी भरतं, सगळी ताकद तिकडे जाते आणि पुढच्या कळ्या थांबतात. फूल काढून घेतलं की झाड पुन्हा प्रयत्न करतं. म्हणून पूजेला तोडा, हाराला तोडा, शेजारी वाटा, आणि तोडायचं नसेल तर निदान सुकलेलं तरी रोज काढा. मोसमाच्या शेवटी मात्र सगळ्यात चांगल्या चार फुलांना दोरा बांधून ठेवायचा, ती बियाण्याची, त्यांना देवासाठीसुद्धा हात लावायचा नाही. नर्सरीतल्या मामांचं पण एक वाक्य मी सगळ्यांना सांगत असते, "ताई, फुललेलं रोप नेऊ नका, कळीवालं न्या." फुललेलं रोप त्याचा बहर नर्सरीतच उधळून आलेलं असतं.

सध्या अधिक ज्येष्ठ चालू आहे, १७ मे ते १५ जून, आणि बागेच्या वहीत त्याच्यामुळे बरीच खाडाखोड झालीय. सण चंद्रावर चालतात आणि झाडं सूर्यावर, याचा खरा अनुभव अधिक महिन्याच्या वर्षीच येतो. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, दसरा २ ऑक्टोबरला होता, त्यासाठी झेंडू जुलैच्या मध्यालाच पेरावा लागला, बी टाकल्यापासून भरगच्च फुलायला त्याला अडीच महिने धरावे लागतात. आणि दिवाळी २१ ऑक्टोबरला, तेव्हा शेवंतीला नुसत्या हिरव्या कळ्या, लक्ष्मीपूजनाला फुलं बाजारातून आणली. यंदा दसरा २० ऑक्टोबरला आहे. म्हणजे झेंडूचं बी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, त्याआधी अजिबात नाही, नाहीतर तो दसऱ्याच्या आधीच दमून जाईल. जुलैमध्ये सगळीकडे रोपं विकायला येतील आणि मोह होईल, पण थांबायचं. थोडं बी मात्र आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीनदा टाकायचं ठरवलंय, पाऊस कसा असेल ते आत्ता कोण सांगणार, तिन्हीतलं एक तरी बरोबर वेळेवर येईल. गणपती १४ सप्टेंबरला, तेव्हा तेरडा ओसरत आलेला असेल म्हणून जूनच्या मध्याला त्याचंही थोडं बी परत पेरणार आहे. आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. तोपर्यंत पिवळी शेवंती फुललेली असते, पांढरी निदान अर्धी तरी. यंदा दिवाळीला घरचीच शेवंती मिळेल असं दिसतंय, गेटच्या दिव्याखालची कुंडी तेवढी पुढच्या महिन्यातच मागे नेऊन ठेवते.